शाळेचा फोटो म्हणजे नेमका कशाचा फोटो?

‘शाळेचा जुना फोटो आहे का?’ असं कुणाही साठी-सत्तरीतल्या माणसाला विचारून बघा. ‘आहे ना’ म्हणतात, आत जातात, ट्रंकेचं झाकण वाजतं आणि बाहेर येतो तो ग्रुप फोटो. जाड करड्या पुठ्ठ्यावर चिकटवलेला, कडेनं ओलीनं खाल्लेला. मध्ये खुर्च्यांवर गुरुजी, खाली सतरंजीवर मांडी घालून बसलेली बारकी पोरं, मागे बाकावर उभी राहिलेली थोराड. नीट बघितलं तर या फोटोत शाळा जवळजवळ नाहीच. दाराची अर्धी चौकट, खिडकीचे दोन गज, चुन्याच्या भिंतीचा एक पट्टा. बास. तरी त्याला सगळे ‘शाळेचा फोटो’च म्हणतात.

इमारत उभी असते तेव्हा यात कुणालाच काही खटकत नाही. ती पाडली की मग शोधाशोध सुरू होते आणि लक्षात येतं की सत्तर-ऐंशी वर्षं उभ्या असलेल्या वास्तूचा समोरून, पूर्ण, असा एकही फोटो गावात नाही. असतो तो त्या एकाच भिंतीचा पट्टा, वेगवेगळ्या वर्षांचा, वेगवेगळ्या पोरांच्या मागे. फोटोवाला त्याच भिंतीपाशी का उभं करायचा, तर सकाळी तिथं सावली असायची आणि पोरांचे डोळे मिटायचे नाहीत. इतकं साधं कारण.

माझं पीएचडीचं काम मराठवाड्यातल्या प्राथमिक शाळांवर आहे, हे इथे नेहमी येणाऱ्यांना माहीत आहे. नव्या वाचकांसाठी दोन वाक्यांत सांगते. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात, आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्यावर गावोगावच्या शाळा त्यांच्या ताब्यात गेल्या. म्हणजे एकाच दगडी खोलीत बसणाऱ्या पोरांनी बारा-चौदा वर्षांत तीन-चार सरकारं बघितली. या जुन्या इमारतींना आता सगळे सरसकट ‘निझामकालीन शाळा’ म्हणतात. त्यातल्या बऱ्याच धोकादायक ठरल्या आहेत आणि एकेक करून जात आहेत.

सरकारी भाषेत शाळा ‘पाडत’ नाहीत, तिचं ‘निर्लेखन’ करतात. अभियंता येऊन अहवाल देतो, प्रस्ताव वर जातो, मंजुरी येते, वस्तू मालमत्तेच्या यादीतून कमी होते आणि दगड, लाकूड, पत्रे यांचा लिलाव होतो. निर्लेखन हा शब्द मला फार अचूक वाटतो. लिहिलेलं खोडणं. गैरसमज नको: पाडायला नको होत्या असं मी म्हणत नाहीये. छत डोक्यावर येईल अशा खोलीत पोरं बसवा असं कोण म्हणेल? माझा प्रश्न पाडल्यानंतरचा आहे. शाळा गेल्यावर तिच्याबद्दल आपण जे लिहितो, छापतो, शेअर करतो, ते कसं असतं?

तर आज एका स्मरणिकेबद्दल. गावाचं आणि शाळेचं नाव देत नाही, कारण मी जे म्हणणार आहे ते तुमच्या शाळेच्या स्मरणिकेलाही बहुतेक लागू पडेल. तालुक्याचं गाव, पाडलेली दगडी शाळा, माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून छापलेला अंक. सुरुवातीला आमदार-खासदारांचे संदेश, मग अध्यक्षांचं मनोगत, मग आठवणी, मधूनमधून कृषी सेवा केंद्राच्या आणि ज्वेलर्सच्या ‘हार्दिक शुभेच्छा’, आणि मधली सोळा गुळगुळीत पानं फोटोंची. अशा अंकांना हसणं सोपं आहे. मी हसत नाही. रात्री जागून, लोकांच्या हातापाया पडून लेख मिळवावे लागतात, आणि उद्या या गावाचा इतिहास लिहायला बसणाऱ्याला हाच अंक हाती लागणार आहे. म्हणूनच तो टीका करण्याच्या लायकीचा आहे.

पहिली गोष्ट, लिहिलंय कुणी? डॉक्टर, अभियंते, प्राध्यापक, एक निवृत्त तहसीलदार, दोन वकील. ज्यांचं ‘झालं’ ते. चौथी पास होऊन म्हशींमागे गेलेला, दुसरीतच शाळा सुटलेला, ऊसतोडीला आईबापाबरोबर जाणारा, यांच्यातलं कुणी नाही. आता हे लोक लेख पाठवणार नाहीत हे उघड आहे. पण त्यांच्याकडे जाऊन चार ओळी लिहून घेता आल्या असत्या. परिणाम असा की अंक वाचून शाळा म्हणजे एक कारखाना वाटतो ज्यात घातलेलं प्रत्येक पोर साहेब होऊन बाहेर पडलं.

दुसरी गोष्ट सूर. जवळपास प्रत्येक लेख पहिल्या पावसापासून निघतो आणि डोळे पाणावण्यापाशी थांबतो. मध्ये छडी आहेच. छडीचा प्रसाद झालाय, कान पिरगाळण्याचा संस्कार झालाय. १९७२ च्या दुष्काळात शाळेत सुकडी मिळायची, तिची चव तीन लेखांत आहे. पण घरी मिलोची लाल भाकरी गिळवत नव्हती म्हणून सुकडीसाठी शाळेत येणारी पोरं होती, त्यातली काही बांधबंदिस्तीची कामं संपल्यावर परत दिसलीच नाहीत, हे एकाही लेखात नाही. हे मला लोकांनी तोंडी सांगितलं, त्यातल्या एकानं तर स्वतः या अंकात लेख लिहिलाय! लिहायला बसलं की हात आपोआप गोड वळणावर जातो. आपल्याकडे ‘शाळेची आठवण’ या प्रकाराचा साचाच इतका पक्का आहे की खरी आठवण त्यात मावत नाही आणि बाहेर राहते.

तिसरी गोष्ट मात्र गंभीर आहे, तिच्यावर थोडं थांबते. मधल्या पानांवर साठच्या दशकातला एक वर्गाचा फोटो आहे आणि त्याखाली संपादकांनी लिहिलंय की बघा, आमच्या शाळेत जातपात नव्हती, सगळी मुलं मांडीला मांडी लावून बसायची. पुरावा कोणता, तर फोटोच. आणि खरंच, फोटोत सगळी मांडीला मांडी लावून बसली आहेत.

इथे मला एक पुस्तक मध्ये आणावं लागेल. मेरिअन हर्श आणि लिओ स्पिट्झर यांचं ‘स्कूल फोटोज इन लिक्विड टाइम’ हे २०२० मध्ये आलेलं पुस्तक वर्गाच्या ग्रुप फोटोंवरच आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: हे फोटो जगभर एकसारखे दिसतात, आणि ते योगायोगानं नाही. रांगा, गणवेश, मधोमध शिक्षक, या सगळ्यातून संस्था सांगत असते की बघा, वेगवेगळ्या घरांतून आलेली पोरं आम्ही एका साच्यात बसवली. अमेरिकेतल्या कार्लाइलच्या शाळेनं तिथल्या मूलनिवासी मुलांचे ‘येण्याआधी’ आणि ‘आल्यानंतर’ असे जोडफोटो काढून घेतले होते, तो याचा सर्वात उघडा नमुना. पण त्याच फोटोत बाहेर ठेवलेल्या समाजाचं पोर ‘मीही यांच्यातला’ असं सांगतही असतं. दोन्ही एकाच कागदावर. नावातला ‘लिक्विड टाइम’ म्हणजे फोटो रसायनाच्या ताटलीत असताना अजून पक्का झालेला नसतो, तसा. नंतर बघणाऱ्याच्या नजरेत तो आणखी उमटत राहतो.

पुस्तक मला फार उपयोगी पडलं. पण त्यांचं लक्ष साहजिकच निघालेल्या फोटोंवर आहे. आपल्याकडे अडचण वेगळीच आहे: फोटोत जी बसण्याची पद्धत दिसते ती वर्गातली नव्हती.

डॉ. आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये साताऱ्याच्या शाळेतल्या गोणपाटाबद्दल लिहिलंय. वर्गात एका कोपऱ्यात वेगळं बसायचं, बसायला घरून आणलेला गोणपाटाचा तुकडा, तो शाळा झाडणारा माणूसही शिवणार नाही म्हणून संध्याकाळी घरी न्यायचा आणि सकाळी परत आणायचा. हा तुकडा तुम्ही कुठल्याही शाळेच्या ग्रुप फोटोत बघितलाय? दिसणारच नाही. फोटोसाठी सतरंजी अंथरलेली असते. साताऱ्याची गोष्ट विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. आमच्या या गावात साठच्या दशकातही पाण्याचा माठ आणि बसायची जागा यांचे नियम होते असं मला एकाहून जास्त जणांनी सांगितलंय. वरच्या फोटोतल्याच, पहिल्या रांगेत बसलेल्या एका आजोबांना मी तो दाखवला. ते म्हणाले, फोटोवाला परगावचा होता, त्याला कोण कुठल्या आळीचं ते काय माहीत, त्यानं उंचीप्रमाणं बसवलं. फोटो झाला आणि आपापल्या जागेवर गेलो.

उंचीप्रमाणं! मला या एका शब्दावर एक अख्खं प्रकरण लिहावंसं वाटतंय (मार्गदर्शक लिहू देणार नाहीत). कारण आता फोटो दोन्ही बाजूंनी बोलतो. ‘जातपात नव्हती’ याचा तो पुरावा नाही, हे तर झालंच. पण तो निव्वळ खोटाही नाही. वर्षातली पाच मिनिटं, एका अनोळखी माणसाच्या सोयीसाठी का होईना, ती पोरं खरोखरच तशी बसली होती, गुडघ्याला गुडघा लागत होता. आजोबांनी तो फोटो फ्रेम करून घरात लावलाय. त्यांना सगळा हिशोब माहीत असून लावलाय. संपादकांनी याच आजोबांना विचारून खाली चार ओळी छापल्या असत्या तर अंकातलं ते सर्वात मोलाचं पान झालं असतं.

आता फोटोंची छपाई. सोळा पानांतले बरेच फोटो ‘रंगीत करून’ छापलेत. हल्ली मोबाइलवर दोन मिनिटांत होतं. परिणाम काय झाला ते सांगते. सगळी पोरं एकाच गव्हाळ-गुलाबी रंगाची झाली. खाकी चड्ड्यांना कुठे निळा, कुठे तपकिरी रंग आला. एका मुलीच्या परकराला ठिगळ होतं, मूळ फोटोत ते स्पष्ट दिसतं. रंगीत फोटोत तिथे नक्षी झालीय. मागच्या रांगेतल्या पुसट चेहऱ्यांना अॅपनं नवे डोळे, नवे दात दिलेत, म्हणजे ती माणसं आता कुणीच नाहीत. अनवाणी पाय तर धुळीसकट गुळगुळीत झाले.

याच्या अगदी उलट काम फ्रेंच कलावंत ख्रिस्तियान बोल्टान्स्की यानं केलं. व्हिएन्नातल्या एका ज्यू शाळेच्या १९३१ च्या शेवटच्या वर्गाचा फोटो त्यानं घेतला, एकेक चेहरा वेगळा काढून मोठा मोठा करत गेला, आणि डोळ्यांच्या जागी काळ्या खोबणी उरल्या तिथे थांबला. प्रत्येक चेहऱ्यावर एक दिवा. त्या मुलांचं पुढे काय झालं असेल हे १९३१ आणि व्हिएन्ना एवढ्यावरून बघणाऱ्याला समजतं. मोठं केलं की जास्त दिसतं अशी आपली समजूत असते. तिथे मोठं केल्यावर कमी दिसतं, आणि तेच खरं आहे. आपलं दुःख त्या जातीचं नाही, ती तुलना मी करतच नाहीये. मुद्दा एवढाच की पुसट चेहरा पुसट ठेवणं हा प्रामाणिकपणा आहे. स्मरणिका काढणाऱ्या मंडळींना माझी हात जोडून विनंती: फोटो स्कॅन करा, हवा तर थोडा उजळ करा, पण रंगवू नका.

कुणी म्हणेल, फोटोच नसते तर काय केलं असतं? तसंही उदाहरण आहे की. पुण्यातला भिडेवाडा. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा जिथे सुरू केली ती बुधवार पेठेतली वास्तू, डिसेंबर २०२३ मध्ये महापालिकेनं स्मारकासाठी ताब्यात घेऊन एका रात्रीत पाडली. ती काही तालुक्याच्या गावची शाळा नव्हे, पण गेलेल्या शाळेचं काय उरतं हे बघायला तिच्याइतकं चांगलं ठिकाण नाही. त्या वर्गाचा फोटो नाही. आज आपण जी बाकांवर बसलेल्या मुलींची चित्रं बघतो ती सगळी नंतरच्यांनी कल्पनेनं काढलेली. पण फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध उरलाय. १८५५ मध्ये तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. चेहरा नाही, आवाज आहे. आणि तो आवाज गोड अजिबात नाही. तो भांडतो, प्रश्न विचारतो, धर्माला जाब विचारतो. आमच्या गावच्या स्मरणिकेत नेमकं उलटं झालंय. शंभरएक चेहरे आहेत आणि एकही आवाज नाही.

आवाज नाही म्हणताना एक अपवाद आहे, त्याकडे येते. त्याआधी रजिस्टर.

प्रत्येक शाळेत एक प्रवेश-निर्गम रजिस्टर असतं. नाव, जात, जन्मतारीख, दाखल केल्याचा दिवस, शाळा सोडल्याचा दिवस, सोडण्याचं कारण. जुन्या निझामी शाळांमध्ये यातलं बरंचसं उर्दूत आणि तारखा फसली सनात. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन साधारण हाताशी येतो. महिने मात्र आजूर, दै, बहमन असे इराणी नावांचे, त्यांची सवय व्हायला मला सहा महिने लागले. इमारत पाडताना खोल्या रिकाम्या केल्या जातात, तेव्हा सर्वात जास्त धोक्यात असतं ते हेच बाड. फोटो लोकांच्या घरी असतात, ते वाचतात. रजिस्टर शाळेचं असतं.

आणि ते गेलं तर काय होतं? आठवणींचं काही होत नाही, माणसांचं होतं. महाराष्ट्रात जातीचा दाखला काढताना अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचे आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे पुरावे मागतात. आजोबा शाळेत गेले असतील तर त्यांचा निर्गम उतारा हा बहुतेक घरांतला एकमेव कागद असतो. शेत नाही म्हणजे सातबारा नाही, उतारा आहे. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधू लागली तेव्हा महसुली कागदांबरोबर शाळांची ही रजिस्टरंही धुंडाळली गेली. कुठल्या कुठल्या कपाटांतून ती बाहेर आली. एका अर्थानं बरंच झालं. पण तो शोध एका नोंदीसाठी होता, बाकीचे रकाने शोधणाऱ्यांच्या कामाचे नव्हते.

माझ्या कामाचे तेच आहेत. या शाळेचं साठच्या दशकातलं रजिस्टर मी फोटोशेजारी ठेवून वाचलं. त्या वर्षी चौथीच्या नावांपैकी निम्मीसुद्धा डोकी फोटोत नाहीत. फोटोला पैसे पडायचे, ज्यांना परवडलं ते बसले. म्हणजे ‘आमचा वर्ग’ म्हणून फ्रेममध्ये जो लटकलाय तो पैसे भरलेल्यांचा वर्ग आहे. रजिस्टरही सोवळं नाही, हे लगेच सांगायला हवं. जन्मतारखांच्या रकान्यात पानामागून पान १ जून, १ जून, १ जून. तुमच्या घरातही एकदोन असतील! शाळा जूनमध्ये भरायची, पोराचं वय अंदाजानं धरलं आणि गुरुजींनी जूनची एक तारीख टाकली. जातीच्या रकान्यात कधी जात, कधी नुसतं ‘हिंदू’. गुरुजींनी ऐकलं तसं आडनाव. आणि शाळा सोडण्याचं कारण म्हणून मुलींपुढे एकच शेरा परत परत: ‘सतत गैरहजर’.

आता तो अपवाद. स्मरणिकेत शेवटच्या चार पानांत, खताच्या दुकानाच्या जाहिरातीखाली, अर्ध्या पानाचा एक मजकूर आहे. लेखिका त्या चौथीतली, बहुधा नातीनं लिहून घेतलेला. त्यात पाऊस नाही, पाणावलेले डोळे नाहीत. शनिवारी वर्ग शेणानं सारवायला मुलींना लावायचे आणि मुलं तेव्हा बाहेर खेळायची, हे आहे. उन्हाळ्यात दाराचा दगडी उंबरा गार लागायचा म्हणून त्यावर गाल टेकवून बसायचो, हे आहे. सोळा रंगीत पानांपेक्षा मला ती इमारत त्या उंबऱ्यात जास्त दिसली. फोटोच्या दिवशी घरात एकाचेच पैसे होते, ते भावाचे भरले. आणि मग धाकट्या बहिणीला कडेवर घेऊन शाळेत यायची, ती रडायची, गुरुजी म्हणाले हिला आणू नको. घरी बघायला कुणी नव्हतं. म्हणून येणं बंद झालं. एवढंच, आणि मजकूर संपतो. संपादकांनी वर शीर्षक दिलंय: ‘रम्य ते बालपण’.

रजिस्टरात त्या नावापुढेही तोच शेरा आहे. ‘सतत गैरहजर’. दोन्ही कागद शेजारी ठेवले नसते तर मीही ती ओळ इतर शंभर ओळींसारखी मोजली असती, मुलींच्या गळतीच्या तक्त्यात एक आकडा म्हणून.

ते रजिस्टर सध्या नव्या इमारतीत, पोषण आहाराच्या तांदळाच्या पोत्यांशेजारच्या कपाटात आहे. मुख्याध्यापकबाई चांगल्या आहेत, बसून वाचू देतात. फोटो काढायला मात्र लेखी परवानगी हवी, आणि तो अर्ज उन्हाळ्याच्या सुट्टीपासून वरच्या कार्यालयात आहे. तोवर मी रोज दोन पानं हातानं उतरवतेय. चौथीच्या वर्गाची अजून अकरा पानं राहिलीत.